बंद खाणीवरचं रान कसं राखायचं? कुद्रेमुख आणि सह्याद्रीतल्या खाणपट्ट्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी मे-जूनच्या सुमाराला हेच प्रश्न फिरून येतात. काही ट्रेकला निघालेल्या मुलांचे असतात, काही दोडामार्ग-सत्तरीकडे खाणीला लागून राहणाऱ्यांचे, काही शाळेतल्या बाईंचे. उत्तरं देताना मी मुद्दाम एक जागा मध्यभागी धरली आहे, ती म्हणजे कर्नाटकातलं कुद्रेमुख. गोवा आणि तळकोकण ओघात येतातच.

एवढ्या लांबचं कुद्रेमुख कशाला?

लांब कसलं? सह्याद्री एकच आहे. चिकमगळूर जिल्ह्यातला हा डोंगर, कन्नडमध्ये नावाचा अर्थ घोड्याचं तोंड. शिखराची उंची सुमारे १,८९० मीटर. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत घेतल्या, त्यांत कास, कोयना, चांदोली, राधानगरी आहेत तसं कुद्रेमुखही आहे. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तिन्ही नद्या याच रांगेत गंगामूळजवळ उगम पावतात. पाऊस वर्षाला सहा-सात हजार मिलिमीटर. त्याच पावसात, त्याच उतारांवर पंचवीस वर्षं लोखंडाची उघडी खाण चालली आणि मग न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली. खाण बंद झाल्यावर डोंगराचं पुढे काय होतं, हे आपल्याच मातीत पाहायचं असेल तर यापेक्षा चांगली जागा मला ठाऊक नाही.

राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात खाण आलीच कशी?

खाण आधी आली, उद्यान नंतर. इथलं लोहखनिज १९१३ मध्ये म्हैसूर संस्थानाचे भूवैज्ञानिक संपत अय्यंगार यांनी नोंदवलं. पुढे १९६९ मध्ये तीस वर्षांचा खाणपट्टा, म्हणजे खाणीसाठीचा भाडेपट्टा, मंजूर झाला, १९७६ मध्ये केंद्र सरकारची कुद्रेमुख आयर्न ओअर कंपनी स्थापन झाली. शहांच्या राजवटीतल्या इराणने पैसा पुरवायचा आणि माल उचलायचा असा करार होता. १९७९ च्या क्रांतीनंतर करार बारगळला, पण तोवर कारखाना उभा राहत आला होता. १९८० पासून काम सुरू झालं. वर्षाला ७५ लाख टन माल काढायची क्षमता. खनिज दळून, पाण्यात कालवून ६७ किलोमीटर लांबीच्या नळातून मंगळुरूच्या बंदरावर उतरवायचं, अशी सगळी रचना.

राष्ट्रीय उद्यानाची पहिली अधिसूचना निघाली १९८७ मध्ये. ६०० चौरस किलोमीटरचं उद्यान आणि त्याच्या ऐन काळजात चालू खाण.

मग ती बंद कशी पडली? माल संपला का?

नाही. माल शिल्लक असताना ती बंद पडली, आणि हेच लक्षात ठेवायचं. खाणपट्ट्याची मुदत १९९९ च्या जुलैमध्ये संपली. नूतनीकरणाला वन्यजीवप्रेमींनी हरकत घेतली. वन खात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झालेले के. एम. चिन्नप्पा यांच्या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजलं. ३० ऑक्टोबर २००२ च्या निकालात २००५ च्या अखेरीपर्यंतच मुभा मिळाली आणि ३१ डिसेंबर २००५ ला खाणकाम थांबलं. सरकारी कंपनी, परदेशी चलन मिळवून देणारा उद्योग, हजारोंचा रोजगार, हे सगळं एका पारड्यात असूनही निकाल नदी आणि जंगलाच्या बाजूने गेला.

खाण बंद, उद्यान जाहीर. आता संरक्षण झालंच ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अधिसूचना ही कागदावरची रेघ असते. ती माणसाला थांबवते. उतारावरून वाहणाऱ्या मातीला थांबवत नाही. खाण थांबते त्या दिवशी मागे काय उरतं ते पाहा: पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला डोंगर, ज्याच्यावर मातीचा वरचा थरच नाही. माल काढून टाकून दिलेल्या दगडमातीचे ढीग, ज्यांना गोव्यात सरळ ‘रिजेक्शन’ म्हणतात. गाळाने भरलेलं धरण. रस्ते, खांब, नळ, शेड. माणसं गेलेली वसाहत. यातली प्रत्येक गोष्ट पुढची कित्येक वर्षं कुणीतरी सांभाळावी लागते, आणि सांभाळायची जबाबदारी कुणाची यावरच बहुतेक ठिकाणी घोडं अडतं. कंपनी म्हणते, आमचं काम संपलं. वन खातं म्हणतं, जमीन आहे त्या अवस्थेत कशी घेऊ? मधल्या काळात पावसाळे काही थांबत नाहीत.

दुसरं असं की, खाणीची जमीन ‘तशीही बिघडलेलीच आहे’ अशी सगळ्यांची समजूत असते. त्यामुळे कुणाला रिसॉर्ट काढायचं असलं, कचरा टाकायचा असला, सौर पॅनेल मांडायचे असले की बोट आधी तिच्याकडे वळतं. अस्पर्श जंगलासाठी भांडणारे दहा जण मिळतात. या जखमी जमिनीसाठी भांडणारा एक मिळवताना दमछाक होते. मला या जमिनीबद्दल जास्त माया वाटते ती यामुळेच.

लख्या धरण म्हणजे काय? ते धोक्याचं आहे का?

भद्रेला मिळणाऱ्या लख्या नावाच्या ओढ्यावर सुमारे १०० मीटर उंचीचा मातीचा बांध घातला आणि खनिज वेगळं केल्यावर उरलेला बारीक गाळ त्यामागे साठवला. पाणी साठवायचं धरण रिकामं करता येतं. गाळाचं धरण तसं रिकामं होत नाही, ते कायमचं घरी आलेलं ओझं असतं. सांडवा मोकळा आहे का, बांधातून पाझरणारं पाणी स्वच्छ येतंय की गढूळ, बांधावर झाडांची मुळं खोल जात नाहीत ना, हे दर पावसाळ्याआधी आणि नंतर पाहावं लागतं. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्योला २५ जानेवारी २०१९ रोजी असाच खाणगाळाचा बांध फुटला आणि २७० माणसं गेली. त्या बांधामागे गाळ टाकणं काही वर्षं आधीच थांबलेलं होतं. दोन्ही बांधांची रचना सारखी नाही, घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पण ‘बंद आहे, आता कशाला बघायचं’ हे वाक्य किती महागात पडतं ते यावरून कळावं.

पाण्यावर काय परिणाम होतो?

कुद्रेमुखच्या खटल्यात सगळ्यांत जड पुरावा गाळाचाच होता. भद्रेच्या पाणलोटात खाणीचा भाग क्षेत्रफळाने लहानसा, पण नदीत येणाऱ्या गाळातला मोठा वाटा तिथून येत होता. खाली लक्कवळ्ळीला भद्रा धरण, त्यावर अवलंबून शेती आणि गावं.

गाळ मोजायला प्रयोगशाळाच हवी असं नाही. प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन बाटल्या घ्या. जोराच्या पावसानंतर तासाभरात ओढ्यातून भरा, एक खाणीच्या वरच्या अंगाला आणि एक खालच्या अंगाला. दोन्ही खिडकीत शेजारी-शेजारी ठेवा. वरच्या बाटलीच्या तळाशी सकाळपर्यंत पानांचा चुरा आणि थोडी रेती दिसते, पाणी निवळलेलं असतं. खालची बाटली दुसऱ्या दिवशीही चहासारखी लाल राहते, आणि तळाशी बोटभर मऊ चिखल बसतो, बोटांत घासला तर पिठासारखा. मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं काळं लोहखनिज, असेल तर बाटलीला बाहेरून लोहचुंबक लावा: काळे कण बाटलीच्या आतल्या अंगावर मुंग्यांसारखे चढतात. मुलांना हे एकदा दाखवलं की पुन्हा समजवावं लागत नाही. बाटलीवर तारीख लिहा, फोटो काढा. तीन पावसाळ्यांचे फोटो असले की ग्रामसभेत तुमच्या शब्दाला वजन येतं.

झाडं लावली की जमीन बरी होते ना?

याचं उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात. कुठली झाडं, कुठे, आणि मुळात झाडंच का, हे विचारल्याशिवाय लावली तर जमीन बरी होत नाही, नुसती हिरवी दिसते.

कुद्रेमुखचा डोंगर मुळातच झाडांनी भरलेला नव्हता. वरच्या माथ्यांवर आणि उतारांवर गवत, आणि घळींमध्ये पाणी धरून बसलेलं दाट जंगल, ज्याला शोला म्हणतात. गवत आणि शोला मिळून तो डोंगर होतो. गवताच्या मुळांची जाळी पाऊस मुरवते, घळीतला शोला तो हळूहळू सोडतो, म्हणून मार्चमध्येही ओढा वाहतो. असल्या गवताळ उतारांवर खाणीच्या काळात ऑस्ट्रेलियन बाभळीसारखी परकी झाडं लाखोंनी लावली गेली. ती जगली, झपाट्याने वाढली, अहवालात ‘वनीकरण’ म्हणून मोजली गेली.

गोव्यात आणि सिंधुदुर्गात रिजेक्शनच्या ढिगांवर हीच बाभूळ दिसते, आपण तिला आकेशिया म्हणतो. एकदा तिच्याखाली बसून पाहा. जमिनीवर विळ्याच्या आकाराच्या वाळक्या पानांचा थर असतो, पाऊल टाकलं की करकर वाजतो. हाताने बाजूला सारत गेलं तर चार-सहा बोटं खाली जाईपर्यंत नुसती पानंच. ती लवकर कुजत नाहीत. त्याखाली माती तशीच लाल, कोरडी. गवताची काडी नाही, गोगलगाय नाही. पाखरांचा आवाज येतो तो बांधापलीकडच्या काजूतून. आणि उन्हाळ्यात त्या पानांना ठिणगी लागली तर बघायलाच नको.

८ जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्टाधारकांवर अट घालायला सांगितली की काम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत आणायचं, चारा आणि जीवजंतू वाढतील अशी ती करायची. आदेशात शब्द गवताचा आहे, याचा मला फार आनंद झाला होता. आपल्याकडे गवताची जमीन म्हणजे पडीक, असं महसुली भाषेनेच डोक्यात भरवलंय. कातळसड्याचंही तेच. कासच्या पठारावर कुणी वृक्षारोपण केलं असतं तर आज फुलं पाहायला कोण गेलं असतं?

मग करायचं तरी काय?

क्रम महत्त्वाचा. आधी पाणी, मग माती, मग गवत, सगळ्यांत शेवटी झाड.

पाण्याला ढिगाच्या तोंडावरून सरळ खाली पडू द्यायचं नाही. आडवे चर, दगडाचे छोटे बांध, पायथ्याला गाळ बसायला खड्डा, आणि तो दर उन्हाळ्यात उपसायचा. ढिगाचा उतार उभा असेल तर तो मोडून सपाट करायचा. खाण सुरू करताना वरची काळी-तांबूस माती वेगळी राखली असेल तर ती आता पसरायची. बहुतेक ठिकाणी ती राखलेलीच नसते, आणि ही चूक नंतर पैशाने भरून निघत नाही. मग आजूबाजूच्या माळावरचं स्थानिक गवत, बी धरल्यावर कापून, तसंच पसरायचं. नर्सरीतून ट्रकभर रोपं आणण्यापेक्षा हे स्वस्त आणि जास्त टिकाऊ. कोकणात त्याच्यामागून करवंद, कुडा, चांदाडा आपोआप शिरतात. बुलबुलांसारखी पाखरं बी आणून टाकतात. जिथे ते येताना दिसतं तिथे आपण हात आखडता घ्यायचा, गुरं आणि वणवा एवढंच राखायचं. काही न करणं हेही काम आहे, फक्त त्याचं बिल निघत नाही म्हणून ते कुणाला सुचत नाही.

प्राणी परत येतात का?

सुरुंग आणि ट्रक थांबले की गवा, सांबर लवकर फिरकतात. खाणीच्या जुन्या रस्त्यांवर बिबट्याची विष्ठा सापडणं ही तर नेहमीची गोष्ट. पण सगळे तसे नाहीत. कुद्रेमुखच्या सदाहरित जंगलात राहणारं सिंहपुच्छ माकड झाडावरून झाडावर जातं, जमिनीवर क्वचित उतरतं. मध्ये शंभर मीटरची उघडी पट्टी असली तरी दोन टोळ्या एकमेकींपासून तुटतात. त्यांच्यासाठी दोन जंगलतुकड्यांमधली फांद्यांची वाट जुळणं हाच खरा निकष, ‘प्राणी दिसला’ एवढ्याने भागत नाही. म्हणून रस्ता रुंद करायचा प्रस्ताव आला की तिथे झाडं किती जाणार यापेक्षा वर फांद्या तुटणार का, हे आधी विचारा.

कायदा नेमकं काय सांगतो?

थोडक्यात: वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात अधिवास नष्ट करता येत नाही. वनजमीन इतर कामाला वापरायची तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते, आणि जुन्या पट्ट्याचं नूतनीकरणही त्यात येतं. राष्ट्रीय उद्यान व अभयारण्याच्या आत आणि सीमेपासून १ किलोमीटरपर्यंत खाणकामाला मनाई आहे. गोव्यासाठी ती २१ एप्रिल २०१४ च्या निकालात आली आणि २०२२-२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर कायम ठेवली.

गोव्यात म्हादई आणि नेत्रावळीचं काय झालं?

१९९९ मध्ये राष्ट्रपती राजवट असताना राज्यपाल जे. एफ. आर. जेकब यांनी ही दोन अभयारण्यं जाहीर केली. त्या पट्ट्यात पोर्तुगीज काळापासूनचे खाणपरवाने होते, ते पुढे कायद्याने खाणपट्टे झाले. अभयारण्यं झाली म्हणून त्या भागातलं खाणकाम अडवता आलं. नेत्रावळीच्या खाली साळावली धरण आहे, दक्षिण गोव्याचा नळ तिथूनच येतो. मडगावात कुणी मला ‘जंगल राखून आम्हाला काय?’ असं विचारलं की मी त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या नळाकडे बोट दाखवते.

खाणीच्या खड्ड्यात साठलेलं पाणी वापरावं का?

वापरता येतं, गोव्यात काही ठिकाणी उन्हाळ्यात शेताला हेच पाणी देतात. आधी तपासणी करून घ्या, आणि खड्ड्याच्या कडा पाहा. जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे इथे खाणीची भिंत फुटून साठलेलं पाणी आणि चिखल घरांत, बागायतीत घुसला. उभ्या कडेचा, वाट नसलेला खड्डा पावसाळ्यात भरत असेल तर सांडव्याची सोय झाल्याशिवाय त्याच्याखाली निजू नये. पोरांना तिथे पोहायला जाऊ देऊ नका. काठ चार पावलांत एकदम तुटतो आणि वर यायला धरायला काही नसतं.

खाण गेली, आता पोटाचं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याला निसर्गविरोधी म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. गोव्यात २०१२ ला आणि पुन्हा २०१८ ला खाणी थांबल्या तेव्हा कर्ज काढून घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले. घरच्या बाईने मंगळसूत्र गहाण टाकून हप्ते फेडलेले मी पाहिलेत. कुद्रेमुखची वसाहत तर आख्खी ओस पडली.

जमीन सावरायचं काम माणसांनीच करायचं असतं: चर खोदणं, गाळ उपसणं, बी गोळा करणं, वणव्याच्या पट्ट्या काढणं, पाण्याची नोंद ठेवणं. हे काम पाच-दहा वर्षं पुरतं आणि ते आधी खाणीत राबलेल्यांनाच मिळालं पाहिजे. उत्खनन यंत्र चालवणाऱ्याला ढिगाचा स्वभाव कुठल्याही सल्लागारापेक्षा जास्त कळतो. उद्यानाच्या हद्दीतल्या जुन्या वाड्यावस्त्यांचे हक्कही २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आधी नोंदले जायला हवेत. स्थलांतर झालं तर ते त्यांच्या मर्जीने.

आम्ही ट्रेकला गेलो तर नुकसान होतं का?

परवानगी काढून, नेमून दिलेल्या वाटेने गेलात तर फारसं नाही. कुद्रेमुख शिखराच्या वाटेवर दिवसाला ठरावीक लोकांनाच सोडतात, नोंदणी ऑनलाइन होते. खाणीचा जुना भाग त्या वाटेवर नाही आणि तिथे शॉर्टकट मारून जायचं नाही. बुटाच्या खाचेतला चिखल निघण्याआधी घरीच झाडा, त्यात रानमोडी या परक्या तणाचं बी असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळलेलं असतं, तेव्हा विडी-काडी खिशातच ठेवा.

जिथे अभयारण्य नाही, तिथल्या बंद खाणीला काही संरक्षण मिळू शकतं का?

मिळू शकतं. गुरुग्रामला अरवलीतल्या जुन्या दगडखाणींवर नागरिकांनी आणि महापालिकेने मिळून स्थानिक झाडोऱ्याचं उद्यान उभं केलं. २०२२ मध्ये संरक्षित क्षेत्राबाहेरचं पण निसर्गासाठी राखलेलं क्षेत्र म्हणून त्याला देशात पहिली मान्यता मिळाली. तिथूनच महामार्ग काढायचा घाट घातला गेला होता, त्याला शहरातले लोक आडवे गेले, हेही विसरू नका. आपल्याकडे ‘संवर्धन राखीव’ हा मार्ग आहे. २०२० मध्ये तिलारी तसं जाहीर झालं.

खाण पुन्हा सुरू होऊ शकते का?

उद्यानाच्या आत अवघड. सीमेबाहेर, हो. आणि नेहमी ‘खाण’ म्हणूनच येईल असं नाही. ‘ढीग हलवून जागा मोकळी करतो’, ‘साठलेला गाळ काढून धरण सुरक्षित करतो’, अशा चांगल्या शब्दांत प्रस्ताव येतो, कारण भाव चढला की कालचं रिजेक्शन आजचा माल होतो. पंधरा वर्षांत त्यावर जे गवत धरलं, ते पहिल्या आठवड्यात जातं. नोटीस पाहा: माल बाहेर जाणार का, किती, कुठल्या रस्त्याने? उत्तर ‘हो’ असेल तर ती खाणच आहे.

आमच्या गावाला लागून बंद खाण आहे. सुरुवात कुठून करू?

पहिलं, खाण बंद करण्याचा आराखडा मिळवा. लोह, बॉक्साइट, मँगनीज यांसारख्या खनिजांचे आराखडे भारतीय खाण ब्युरोकडे असतात, त्याचं मुख्यालय नागपुरात आहे; माहिती अधिकारात अर्ज टाका. त्यात उतार किती ठेवायचा, गवत कुठे, चर किती, बँक हमी किती, सगळं लिहिलेलं असतं. कागद हातात घेऊन ढिगावर चालत जा आणि ओळीओळीने तपासा.

दुसरं, ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत खाणीची जमीनही घालायला लावा. बहुतेक नोंदवह्यांत ती वगळलेली असते, जणू तिथे काही जगतच नाही.

तिसरं, एक दगड निवडा. हलणार नाही असा, ज्यावरून ढीग, ओढा आणि पलीकडचं रान एका नजरेत येतं. त्याच्यावर उभं राहून वर्षातून दोनदा फोटो काढा, एक मृग लागण्याआधी आणि एक दिवाळीनंतर. उंची तीच, कोन तोच. पहिल्या वर्षी कुणी हसेल. पाचव्या वर्षी तेच फोटो मागायला येतील.